कणसे सिस्टरांचे सीलबंद घड्याळ

"मालतीबाईंच्या घरी एक तास आधी उजाडतं," असे आमच्या ब्लॉकमधली मराठी मंडळी म्हणत असत. सविता त्याच्याही पुढे जाई. लिफ्टची वाट पाहताना ती म्हणे, "त्यांना वेळ विचारू नका हं, उद्याची सांगतील." मग सगळे हसत, आणि हसून झाल्यावर कोणीतरी आवाज खाली आणून म्हणे, "पण काळजी वाटते हो. मुलगा-सून दिवसभर बाहेर, आणि घरात हे असं."

सिंगापूरच्या पुंगोल भागातल्या या वसाहतीत माणसे चांगली आहेत. एकमेकांची मुले सांभाळतात, देशातून आलेले मेतकूट वाटून खातात. म्हणूनच त्या काळजीचा राग कोणावर काढावा ते कळत नसे. वाईट माणसांनी एखाद्या म्हातारीला खुळी ठरवले तर तिला भांडता तरी येते. चांगल्या माणसांनी हळू आवाजात ठरवले, की ती काहीही बोलली तरी तो त्या खुळाचाच पुरावा होतो.

मालती कणसे कराडच्या बाजूच्या एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका म्हणून लागल्या आणि मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या. माझे गाव त्याच पट्ट्यातले. आमच्याकडच्या बाया नांगराचा फाळ लागला, विंचू चावला, बाळंतपण अडले की त्यांचेच नाव घेत. पुढे त्या मुलाकडे सिंगापूरला आल्या, आणि येथे त्या आजी झाल्या, आंटी झाल्या, मालतीबाई झाल्या. सिस्टर म्हणणारी मी एकटीच. मी तशी हाक मारली की त्यांची पाठ ताठ होई.

मुलगा निशिकांत तांजोंग पगारच्या एका बँकेत संगणकप्रणाली सांभाळतो. सून मीनल दुसऱ्या एका कंपनीत लेखापरीक्षणाचे काम करते. नात मैत्रेयी पाच वर्षांची; तिची बालवाडी शेजारच्या ब्लॉकच्या तळमजल्यावर आहे. दुपारी चार वाजता तिला घरी आणणे हे सिस्टरांचे काम होते. स्वयंपाक मीनल सकाळीच उरकून जाई, सामान दारात येई, फरशी पुसायला यंत्र होते. घरातले बाकी सगळे त्यांच्यावाचून चालले असते. हे एक चालले नसते. चाराच्या आधी त्या साडी बदलत, केसांना पाणी लावून विंचरत आणि ड्यूटीवर निघाल्यासारख्या निघत. परतताना मैत्रेयीला रस्त्यातल्या प्रत्येक मांजराजवळ थांबायचे असे, आणि त्या थांबू देत.

आता घड्याळाविषयी. निशिकांतने ते ओसाकाहून आणले होते. जपानमध्ये दोन ठिकाणच्या उंच मनोऱ्यांवरून अचूक वेळ रेडिओलहरींवर सतत पाठवली जाते. अशी घड्याळे रात्री तो संदेश ऐकतात आणि आपले काटे आपणच जुळवून घेतात. संदेश मिळाला की तबकडीखालच्या छोट्या पडद्यावर मनोऱ्याची एक खूण उमटते. निशिकांतला वाटले, सिंगापूरमध्येही जमेल. कित्येक रविवार तो ते घड्याळ घेऊन घरभर फिरला. फ्रिजपासून लांब, टीव्हीपासून लांब, स्वयंपाकघराच्या खिडकीत, कपडे वाळत घालायच्या दांड्यांपाशी, तोंड ईशान्येला करून. खूण काही उमटली नाही. भिंतींतल्या लोखंडी सळ्या, खिडक्यांच्या धातूच्या चौकटी, आणि मधले हजारो किलोमीटर, अशी कारणे त्याने मला एकदा बोटांवर मोजून सांगितली होती. शेवटचा प्रयत्न म्हणून ते आईच्या खोलीत ईशान्येच्या खिडकीशेजारी टांगले. तेथेही काही होईना, तेव्हा त्याने मागची कळ फिरवून सिंगापूरची वेळ हाताने लावली आणि नाद सोडला.

"सिग्नल नाही मिळाला तरी यंत्र जपानी आहे, आई," तो म्हणाला होता. "घरात सगळं चुकेल, हे चुकणार नाही."

सिस्टरांनी तो शब्द मानला. त्यांचा स्वतःचा फोन भारताच्या वेळेवर लावलेला असे, कारण कराडच्या धाकट्या बहिणीला अवेळी फोन जायला नको. येथे राहणाऱ्या पुष्कळ वडीलधाऱ्यांचे फोन तसेच असतात. येथली वेळ पाहायची तर त्या भिंतीकडे पाहत.

दिवाळीच्या साफसफाईत मीनलने सिस्टरांच्या खोलीतला टेबलावरचा एलईडी दिवा टाकून दिला. तो घड्याळाच्या बरोबर खाली असे आणि अलीकडे मिणमिणत असे. एक जुना दिवा गेला, एवढेच तेव्हा सगळ्यांना वाटले.

त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी सिस्टरांनी घर उठवले. सहा वाजले, उठा. निशिकांत अंघोळ करून बाहेर आला तेव्हा त्याच्या फोनवर जेमतेम सव्वापाच झाले होते. आईच्या खोलीतले घड्याळ नेमके एक तास पुढे होते. त्याने हसून, काट्यांपलीकडे काही न पाहता, ते मागे घेतले. "काय आई, कळ फिरवलीस वाटतं पुसताना?" सिस्टर म्हणाल्या, मी हात लावलेला नाही. तो बरं म्हणाला. ते 'बरं' विश्वासाचे नव्हते.

दुसऱ्या वेळी त्या बालवाडीत तासभर आधी पोचल्या. मुले झोपलेली होती. सिस्टर दाराशी उभ्या राहून चार वाजल्याचे सांगू लागल्या आणि तिथल्या बाईंनी मोठ्या सौजन्याने त्यांना भिंतीवरचे घड्याळ दाखवले. फोनमध्ये अडीच तास मिळवून त्यांना पडताळा घेता आला असता. तसा त्यांनी घेतलाही होता. हिशेब जुळेना तेव्हा त्यांना वाटले, बेरीज आपलीच चुकली. पन्नास खाटांच्या वॉर्डात ज्यांनी औषधाची एक मात्रा वेळेबाहेर जाऊ दिली नाही, त्या बाईंनी मुलाच्या एका वाक्यासाठी स्वतःची बेरीज खोटी ठरवली. या गोष्टीतली मला सर्वांत जास्त चीड आणणारी जागा हीच आहे.

तिसरी वेळ मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारची. संध्याकाळी सातला आरती आणि हळदीकुंकू असे सर्वांना कळवलेले. सकाळपासून पाऊस होता आणि आकाश इतके काळे की दुपार कोणती नि संध्याकाळ कोणती हे उमगत नव्हते. आम्ही सातला दारात पोचलो तेव्हा आरती होऊन गेली होती, निरांजने शांत झाली होती, आणि सिस्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "आठ वाजत आले. इतका उशीर? देवीनं तरी किती थांबावं?" सविताने माझ्याकडे पाहिले. लिफ्टजवळचे ते वाक्य त्या संध्याकाळी जन्मले.

त्यापुढच्या आठवड्यात निशिकांत आईला डॉक्टरकडे घेऊन गेला. स्मरणशक्तीची तपासणी झाली. आजची तारीख काय, शंभरातून सात वजा करत जा, आणि मग कोऱ्या कागदावर घड्याळ काढा आणि त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवा. सिस्टरांनी सेकंदकाट्यासह काढून दिले. डॉक्टरांना काही वावगे आढळले नाही. घरच्यांना बदल जाणवत असतील तर लक्ष ठेवा, एवढेच ते म्हणाले. निशिकांतने त्यातले 'लक्ष ठेवा' तेवढे घरी आणले.

आणि मग तो सोमवार. सिस्टर वेळेवर बालवाडीत गेल्या. वेळ त्यांनी आता सोसायटीतल्या तीन जणांना विचारून घेतली होती. दारातल्या बाई अवघडल्या. "सॉरी आंटी, तुमचं नाव आता नाही. आज मम्मी येणार." काचेच्या पलीकडे मैत्रेयी दप्तर पाठीला लावून उभी होती. तिला वाटले, आजीला उशीर झाला म्हणून टीचर रागावली आहे. ती आतून इथल्या मुलांच्या इंग्रजीत ओरडून सांगू लागली, "टीचर, आजी नॉट लेट, लाह. शी इज नॉट लेट."

त्या दिवशी मीनल अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. ती पोचेपर्यंत सिस्टर दाराबाहेर उभ्या होत्या. परतताना मांजरांजवळ कोणी थांबले नाही.

संध्याकाळी मला त्यांचा फोन आला. "खाली ये. पेन घेऊन ये."

मी गेले तेव्हा तिघेही जेवणाच्या टेबलाशी बसलेले होते आणि जेवण झाकलेले होते. घड्याळ भिंतीवरून उतरवून टेबलावर ठेवले होते.

"माझं नाव कोणी काढलं?" सिस्टरांनी विचारले.

"काढलं म्हणजे, तात्पुरतं गं," निशिकांत म्हणाला. "तुझ्यावर ताण नको म्हणून."

"मला ताण आहे, हे मी तुला कधी सांगितलं?"

मीनल मध्ये पडली. ती खरोखरच मऊ बोलते. "आई, तुमच्यावर अविश्वास नाही. पण घड्याळ तीनदा पुढं गेलेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलंय."

"मीही पाहिलंय. मी हात लावलेला नाही."

"तुम्हाला आठवत नसेल, आई."

"मला आठवत नाही, हे तुला कसं कळलं? तू होतीस तिथं?"

निशिकांतने खुर्ची पुढे ओढली. कार्यालयात बैठकीत समजावून सांगतात त्या सुरात तो बोलू लागला. "हे बघ, आई. घड्याळ स्वतःहून वेळ बदलेल ती फक्त सिग्नल आला तर. आणि घराच्या आत सिग्नल येतच नाही. मी स्वतः करून पाहिलंय, तुझ्या खोलीतसुद्धा. मैत्रेयीचा हात तिथवर पोचत नाही. मग राहिलं कोण?"

"मी राहिले."

"मी असं म्हणत नाही."

"तू असंच म्हणतोयस. नीट म्हण तरी." त्यांनी घड्याळ स्वतःकडे ओढले. "निशिकांत, माझं डोकं फिरलं असतं तर ते कराडला गेलं असतं. अडीच तास मागं. एक तास पुढं माझं कोण राहतं?"

निशिकांतच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हलले आणि विझले. तो म्हणाला, "आई, या गोष्टींमध्ये लॉजिक नसतं." टॅम्पिनीसला वृद्धांसाठी एक दिवसभराचे केंद्र आहे, तिथे तुला सोबत मिळेल, आपण नुसते पाहून येऊ, असेही त्याने त्याच दमात सांगून टाकले.

सिस्टर उठल्या. खोलीतून त्यांनी आपला जुना स्टीलचा डबा आणला आणि त्यातून जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी काढली. घड्याळ पालथे करून त्यांनी काटे फिरवायच्या कळीवर एक पट्टी आडवी लावली, एक उभी. बॅटरीच्या झाकणावर तसेच. मागे दोन बटणे होती, त्यांवरही. प्रत्येक पट्टीची टोके त्यांनी अंगठ्याच्या नखाने दाबून बसवली.

"धोक्याच्या औषधांच्या कपाटाला आम्ही असंच करायचो," त्या म्हणाल्या. "मॉर्फिन, पेथिडिन. प्रत्येक पाळीला नवी पट्टी आणि दोघींच्या सह्या, अर्धी सही पट्टीवर, अर्धी लाकडावर. पट्टी शाबूत असताना आतलं काही कमी भरलं, तर नर्सला जाब विचारायची सिव्हिल सर्जनचीही छाती नव्हती. मीनल, सही कर. अर्धी बाहेर येऊ दे."

"आई, हे सगळं कशाला?"

"तुम्हाला नको असेल. मला हवंय."

मीनलने सही केली. मग मी केली. घड्याळ भिंतीवर टांगायला सिस्टरांनी नकार दिला. ते निशिकांतने टांगले. त्यानंतर सिस्टर घड्याळाच्या आसपास फिरकल्यासुद्धा नाहीत. खोली पुसताना ती भिंत त्या सोडून देत.

पुढचे काही दिवस घड्याळ बरोबर चालले. सिस्टरांच्या बाजूने एवढे वाईट दुसरे काही घडू शकले नसते. शनिवारी मी डबा परत द्यायला गेले होते तेव्हा निशिकांत चहा घेत होता. आईकडे न पाहता तो म्हणाला, "बघितलंस ना? कोणी हात लावला नाही की नीट चालतं." आवाजात कुत्सितपणा नव्हता. उलट दुःखच होते, आणि त्या दुःखाने मला त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली. सिस्टर मटार सोलत होत्या. त्या सोलत राहिल्या. बालवाडीतून मैत्रेयीला आणायला आता एक पगारी मुलगी येत असे, आणि केंद्र पाहायला जायचा वार ठरला होता.

तो वार उजाडण्याआधी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आला. सकाळी मी ऑफिसला निघत होते तेव्हा मीनलचा फोन आला. तिचा आवाज कोरडा होता. "आईंनी तुम्हाला बोलावलंय. त्या म्हणतात, तुम्ही आल्याशिवाय कोणी घड्याळाला हात लावायचा नाही."

घड्याळात आठ वाजून गेले होते. आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये सात. सिस्टर पलंगावर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. "उतरव," त्या मुलाला म्हणाल्या.

निशिकांतने घड्याळ उतरवून पालथे केले. पट्ट्या जशाच्या तशा होत्या. टोके कोठे उचललेली नव्हती, सह्यांच्या रेषा प्लास्टिकवरून पट्टीवर न तुटता गेल्या होत्या. मीनलने स्वतःच्या सहीवरून बोट फिरवले. मग मी माझी पाहिली.

"आता सांग, कोण राहिलं?" सिस्टरांनी विचारले.

निशिकांतने घड्याळ सुलटे केले. तबकडीखालच्या पडद्यावर मनोऱ्याची ती खूण होती. ज्या खुणेसाठी त्याने कित्येक रविवार घालवले होते ती समोर दिसत असताना तो तिच्याकडे पाहवत नसल्यासारखा पाहत होता. "जपान," तो म्हणाला. "जपान एक तास पुढं आहे." थोड्या वेळाने त्याची नजर खालच्या टेबलाकडे गेली. "इथला दिवा... त्याची गडबड असणार. असे दिवे रेडिओत खरखर घालतात. या खोलीत मी प्रत्येक वेळी तो चालू ठेवूनच बघत होतो, उजेड हवा म्हणून. तो गेला, आणि आता तिकडं थंडीच्या लांब रात्री आहेत, लहरी लांबवर येतात. रोज नाही, एखाद्या रात्री." तो बोलत राहिला. कारण सापडले की त्याला बरे वाटते; शाळेपासून तो तसाच असणार. "म्हणजे चूक घड्याळाचीच होती, आई."

"घड्याळाची कसली चूक? त्याला लांबून का होईना, सांगितलेलं ऐकू आलं. मी तर इथं टेबलाशी बसून सांगत होते."

मीनल रडू लागली. सिस्टरांनी तिला जवळ घेतले नाही. "तोंड धू, उशीर होतोय तुला," एवढे म्हणून त्या आत गेल्या.

संध्याकाळी उद्यापनाचे हळदीकुंकू होते. बातमी आमच्या ब्लॉकमध्ये दुपारीच सर्वतोमुखी झाली होती, तेव्हा कोणीच गैरहजर राहिले नाही. बायका नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होत्या. सविताने वाण हातात घेत म्हटले, "मग आज आरती कुठल्या वेळेनं म्हणायची, मालतीबाई? जपानच्या की आमच्या?" दोघी-तिघी हसल्या. सिस्टरांनी तिच्या कपाळाला कुंकू लावले, हळद लावली आणि म्हटले, "तू लिफ्टपाशी सांगतेस, त्या वेळेनं." सविताचे हसू तोंडातच राहिले. ती माझ्याकडे वळली. मी ताटातला फुटाणा उचलला.

निशिकांत ऑफिसातून लवकर आला होता. त्याने घड्याळ खोलीतून काढून टाकले होते आणि त्या जागी नवे, साधे, कोणाचेही न ऐकणारे घड्याळ लावले होते. टॅम्पिनीसच्या केंद्राला नको म्हणून कळवले होते. हे सारे त्याने बायकांसमोर सांगितले, थोडे हसत, थोडे ओशाळत, आणि मग आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "उद्यापासून मैत्रेयीला तूच आण. आणि झालं गेलं विसरून जा, आई."

अनेक जणींना ते वाक्य पुरेसे वाटले असावे; एकीने तर मान डोलावली. माफी मागितल्यासारखे ते होते, पण मागितलेले काहीच नव्हते. सिस्टरांनी कुंकवाचा करंडा बंद केला, तबकात ठेवला आणि खांद्यावरचा हात बाजूला केला.

"मी काही विसरत नाही, निशिकांत, तेवढं तर त्या दोन सह्यांनी ठरलं. उद्या सकाळी शाळेत जा, माझं नाव परत घाल, आणि ते का काढलं होतंस, हे त्या बाईंना माझ्यासमोर तुझ्या तोंडानं सांग. तोवर तुझ्या पोरीला तू आण."